थकबाकीचा रकाना आधी उडवा

एका वाचक भगिनींचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘मी ४३ वर्षांची. कोथरूडला राहते, कल्याणीनगरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. घरी नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. माझ्या आईचं माहेर नारायण पेठेत. तो वाडा पाडून आता तिथे इमारत उभी आहे. वाड्याबद्दल, आजीबद्दल, पानशेतच्या पुराबद्दल जे जे ऐकलंय ते लिहून काढायचं कित्येक वर्षं मनात आहे. आई आहे, मावशीही आहे. मावशी आता ८३ वर्षांची, पूर आला तेव्हा कॉलेजात होती. यंदा पाडव्याला ठरवलं की रोज हजार शब्द लिहायचे. मोबाईलवर एक्सेल शीट केली: तारीख, लिहिलेले शब्द, थकबाकी. पहिला आठवडा झकास गेला. मग मार्च एंड आला, मग मुलगा तापाने पडला. राहिलेले शब्द दुसऱ्या दिवसाच्या हजारात मिळवत गेले. आता रोज रात्री ओटा आवरला की शीट उघडते, शून्य टाकते आणि थकबाकी आपोआप वाढते. काल ती ३१ हजारांवर गेली. सासूबाईंना वाटतं, मी मोबाईल बघत बसते. हजाराचे पाचशे करू का? पहाटे उठून लिहू की मेट्रोत? खरं सांगायचं तर माझ्यात मुळात नियमितपणाच नाही, असं वाटायला लागलंय.’

ताई, नमस्कार.

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून टाकली आहे. रोज रात्री शीट उघडून तुम्ही शून्य टाकता. मार्च एंडच्या धबडग्यात टाकलंत, मुलगा तापाने फणफणलेला असताना टाकलंत. दीड महिन्यात एकही रात्र चुकलेली दिसत नाही. आणि दोन ओळी खाली लिहिता की माझ्यात नियमितपणाच नाही! हिशेबाच्या माणसाच्या नजरेतून एवढी मोठी नोंद सुटावी?

शीट भरणं तुम्हाला का जमलं ते बघा. त्याच्या आधीचं काम ठरलेलं होतं, ओट्याचं. शीटचं काम दोन मिनिटांचं, डोकं दुखत असलं तरी उरकण्यासारखं. शिवाय ते चांगलं झालं की वाईट, हा प्रश्नच नव्हता. हजार शब्दांच्या वाट्याला यातलं काहीही आलं नाही. कधी लिहायचं ते ठरलं नव्हतं, कुठे बसून तेही नाही, आणि कशाबद्दल हे तर अजिबात नाही. ठरला होता तो नुसता आकडा. तोही कुठल्या मुहूर्तावर? अकाउंट्सच्या माणसाने पाडव्याला संकल्प सोडावा, हे तुमचं धाडस म्हणायचं. पाडवा आणि मार्च एंड वर्षानुवर्षं शेजारी नांदतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हजार हा आकडा बहुतेक वेळा इंग्रजी लेखकांच्या मुलाखतींतून आपल्याकडे येतो, आणि तो मराठीला जसाच्या तसा लावू नये. आपण विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटवतो. ‘वाड्याच्या मागच्या चौकातल्या हौदापाशी’ हे आपले चारच शब्द. इंग्रजीत एवढंच सांगायला याच्या दुपटीहून जास्त लागतील. म्हणजे मराठीत रोज हजार शब्द लिहिणारा माणूस त्या इंग्रजी हजारवाल्यापेक्षा बराच जास्त मजकूर उपसत असतो. छापील पुस्तकाची चार पानं. मोबाईलवर मराठी टाइप करायची म्हटली तर सगळी संध्याकाळ गेली.

रोजचं लक्ष्य ठेवणाऱ्या लेखकांत अँथनी ट्रोलपचं नाव हटकून निघतं. १९ व्या शतकातला इंग्रज कादंबरीकार, टपाल खात्यात नोकरीला. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द काढायचा. अशा रीतीने ४७ कादंबऱ्या झाल्या. १८८३ साली निघालेल्या आत्मचरित्रात त्याने हा सगळा हिशेब मांडला आहे आणि लोक तो कौतुकाने सांगतात. त्याच आत्मचरित्रात आणखी एक बाब आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. पहाटे त्याला उठवायला आणि कॉफी द्यायला एक म्हातारा नोकर होता आणि त्यासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. तुमच्या घरी पहाटे उठून सगळ्यांचे डबे करणारं माणूस तुम्हीच. त्यामुळे ‘पहाटे उठू का’ याचं उत्तर माझ्याकडून नाही असं आहे. झोपेतून तास काढून सुरू केलेलं काम पहिल्या आजारपणात बंद पडतं, आणि बंद पडलं की दोष तासाला मिळत नाही, तुम्हाला मिळतो.

तुम्हाला जवळचा दाखला आपल्या गावातच आहे. अप्पा बळवंत चौकात वह्या आणायला गेलात तर तिथून जवळच आनंदाश्रम ही संस्कृत पोथ्यांची जुनी संस्था आहे. कादंबरीकार ह. ना. आपटे त्या संस्थेचा कारभार पाहायचे. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यात हप्त्याहप्त्याने येत राहिल्या. एवढी मोठी कादंबरी लिहायची, हा विचार त्यांना एकदम अंगावर घ्यावा लागला नाही. या आठवड्याच्या अंकापुरता मजकूर झाला की छापखाना चालू. आणि गेल्या आठवड्याचा अंक कमी पानांचा निघाला म्हणून या आठवड्याला दुप्पट पानांचा काढा, असं कुणी साप्ताहिकाच्या संपादकाला सांगत नाही.

तुमची खरी अडचण हीच आहे. हजाराचा आकडा मोठा होता हे खरं, पण लिखाण मारलं ते तिसऱ्या रकान्याने. विचार करा, दहाव्या दिवशी तुम्ही लिहायला बसलात तेव्हा समोर हजार शब्द नव्हतेच, तीन-चार हजार होते. त्या रात्री दोनशे शब्द लिहिले असतेत तरी शीटने तुम्हाला ‘मागे आहात’ असंच सांगितलं असतं. मग दोनशे तरी कशाला लिहा? शून्य टाकायला निदान कष्ट नाहीत. म्हणून सगळ्यात आधी ते ३१ हजार राइट ऑफ करा. बुडीत कर्जाची नोंद किती वर्षं ओढायची, हे तुमच्या खात्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. रकाना लपवू नका, डिलीट करा. लपवलेला रकाना माणूस अधूनमधून उघडून बघतोच.

यातून दुसरा नियम ओघाने येतो. जशी थकबाकी पुढे न्यायची नाही, तसा अॅडव्हान्सही पुढे न्यायचा नाही. एखाद्या दिवशी हात चालला आणि सहाशे शब्द झाले, तर उत्तम. पण उद्याचा दिवस कोराच सुरू होणार. ‘काल भरपूर झालं, दोन दिवस सुट्टी’ या वाटेने गेलेली माणसं परत येताना मी फारशी पाहिली नाहीत.

आता आकडा. पाचशे नको. शंभर.

तुम्हाला हे पोरकट वाटेल, म्हणून कारण सांगतो. रोजचं लक्ष्य ठरवताना आपण आपला सगळ्यात चांगला दिवस डोळ्यासमोर आणतो: रविवार, घर शांत, पावसाळी हवा, हातात चहा. लक्ष्य ठरवायचं ते तुमच्या ३० मार्चला विचारून. रात्री साडेआठला ऑफिसातून निघालात, घरी आल्यावर गिळायची इच्छा नाही, अशा दिवशी तुम्ही किती लिहाल? तेवढंच लक्ष्य. शंभर शब्द त्या दिवशीही होतात. आणि गुणाकार तुम्हीच करा. आठवड्याचे सहा दिवस, त्यातून सणवार, आजारपणं वजा जाता वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३० हजार शब्द, म्हणजे सव्वाशेच्या आसपास छापील पानं. तुमच्या थकबाकीत आज जेवढे शब्द अडकलेत, जवळपास तेवढेच.

शंभर शब्द दिसतात कसे? समजा, आजचा प्रश्न आहे, वाड्यात बंब कुठे होता आणि कोण पेटवायचं. मग असं काहीतरी होईल:

‘बंब मोरीच्या बाहेर, मागच्या चौकात असायचा. तांब्याचा. पहाटे तो आजी पेटवायची, सुनांना हात लावू द्यायची नाही. गोवऱ्या आणि लाकडाच्या ढलप्या ती आदल्या रात्रीच बाजूला काढून ठेवायची. धूर पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या खिडकीत जायचा आणि तिथल्या काकू रोज त्याच वाक्यात ओरडायच्या. आजी रोज त्याच वाक्यात उत्तर द्यायची. ही वाक्यं कोणती ते आईला विचारायला हवं.’

हे पन्नासेक शब्द झाले. असंच आणखी एकदा लिहिलं की आजचं काम संपलं. शेवटचं वाक्य मुद्दाम तसं ठेवलंय. अडलं म्हणून लगेच आईला फोन लावायचा नाही. जिथे माहिती कमी पडते तिथे ‘विचारायचं’ एवढं लिहून पुढे सरकायचं. भाषा बाळबोध वाटली तरी आत्ता हात लावायचा नाही. काल लिहिलेलं आज सुधारत बसलात तर महिनाभराने तुमच्याकडे एकच परिच्छेद असेल, अतिशय गुळगुळीत. सुधारणांसाठी महिन्याचा एखादा शनिवार वेगळा काढा आणि त्या दिवशी नवीन लिहिण्याची सक्ती ठेवू नका.

आता जागा आणि वेळ. तुम्ही पहाट की मेट्रो विचारलंत. पहाट तर बाद झाली, मी म्हणेन रात्र आणि मेट्रो दोन्ही, पण कामं वाटून.

रात्रीची शीट बंद करू नका. ती तुमची पक्की झालेली सवय आहे, तिला कशाला मोडायचं? फक्त थकबाकीच्या जागी नवा रकाना करा, ‘उद्याचा प्रश्न’. ओटा आवरला, शीट उघडली, आज लिहिलं का ते टाकलं आणि उद्यासाठी एक प्रश्न लिहून ठेवला. प्रश्न जेवढा बारीक तेवढा चांगला. ‘आजीचा स्वभाव’ हा प्रश्न नव्हे, तो शाळेतला निबंध झाला. ‘आजी कुणाशी बोलत नसे आणि का’, ‘दिंडीदरवाजा रात्री किती वाजता लागायचा’, ‘भाडेकरूंचं भाडं कोण मागायला जायचं’, ‘कोठीची किल्ली कुणाच्या कमरेला’ असे प्रश्न हवेत. त्याचं उत्तर स्वभावापर्यंत आपोआप जातं. कोरं पान बघून जी भीती वाटते ती बहुतेक ‘आज कशावर लिहू’ याची असते. हा प्रश्न आदल्या रात्रीच सुटला तर सकाळी फक्त उत्तर द्यायचं उरतं.

सकाळी वनाजला गाडीत बसलात की ते उत्तर लिहायचं. वनाज हे पहिलंच स्टेशन, बसायला जागा मिळण्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त. तिथे ‘आई, माझे मोजे कुठेत’ म्हणून कुणी हाक मारणार नाही. वेळ ठरवण्यापेक्षा आधीची कृती ठरवा: ‘सीटवर बसले की वॉट्सअॅपच्या आधी ती फाइल उघडायची.’ पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं आहे. नुसतं ‘मी हे करीन’ ठरवणाऱ्यांपेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवणाऱ्यांचं काम जास्त वेळा तडीला जातं, असं त्यातून दिसलं. डेक्कन येईपर्यंत दहा-बारा मिनिटं मिळतात, शंभर शब्दांना तेवढी पुरतात. उभं राहावं लागलं तर उभ्याने पन्नास लिहा आणि उतरल्यावर फलाटावरच्या बाकावर बसून उरलेले. डेक्कननंतर गाडी मुठेच्या काठाने जाते आणि नदीपलीकडे तुमची नारायण पेठ दिसते. तेवढा वेळ मान वर करायला हरकत नाही. घरून काम असेल त्या दिवशी लॅपटॉप उघडण्याआधी हेच करायचं, ऑफिसची मेल बघण्याच्या आत. एकदा मेल बघितली की तो दिवस तुमचा राहत नाही.

रविवारी सुट्टी. गौरी-गणपती, दिवाळी, मुलाच्या परीक्षा आणि हो, मार्चचा शेवटचा आठवडा या सुट्ट्या आत्ताच शीटमध्ये टाकून ठेवा, वेगळ्या रंगात. आधी जाहीर केलेली सुट्टी आणि ऐनवेळी झालेला खाडा यांत मनाच्या हिशेबी फार फरक आहे.

आणि खाडा होणारच. त्याबद्दल एक गोष्ट मनात पक्की ठेवा. ‘२१ दिवस सलग केलं की सवय लागते’ हे वाक्य तुमच्या फॅमिली ग्रुपवरही फिरून गेलं असेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर १२ आठवडे पाहणी केली होती, ती २०१० साली छापून आली. त्यात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं. पण माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत (१२ आठवड्यांपलीकडचे आकडे हा त्यांनी गणिताने काढलेला अंदाज). आणि आपल्या कामाचं म्हणजे, मधली एखादी वेळ चुकल्याने सवय लागण्यात फारसं बिघडलं नाही. त्या सवयी फळ खाणे, पाणी पिणे, जेवणाआधी पळायला जाणे अशा होत्या, लिखाण त्यांत नव्हतं. त्यामुळे ६६ हा आकडा शीटवर चिकटवू नका, नाहीतर ६७ व्या दिवशी मला पुन्हा पत्र येईल. एक दिवस गेला तर गेला, एवढंच त्यातून घ्या. सलग दोन दिवस जायला लागले तर मात्र प्रश्न बदलून बघा, बहुधा तो प्रश्नच नावडता असतो.

शंभर जमायला लागले की तुम्हाला आकडा वाढवायचा मोह होईल. मी म्हणतो, वाढवूच नका. जास्त लिहायला कुणी अडवलेलं नाही. दोन-तीन महिने सरळ गेले की माणसाला आपण लेखक झाल्याचं वाटायला लागतं, तो आकडा पाचशेवर नेतो आणि पुढचा पाडवा थकबाकीत उगवतो.

एका गोष्टीपासून जपा, कारण तुमच्या विषयात तिला भरपूर वाव आहे. पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं. त्या दिवसाबद्दल वाचायला लागलात तर वाचनालयांत जुनी वर्तमानपत्रं आहेत, लोकांच्या आठवणी आहेत, पाणी कुठवर चढलं त्याचे वाद आहेत. हे सगळं वाचण्यासारखं आहे आणि त्यात सहा महिने सहज जातील. माहिती गोळा करणं ही लिखाणाची सगळ्यात सभ्य टाळाटाळ. त्यामुळे वाचन लिखाणाच्या रकान्यात धरायचं नाही. वाचा, पण शंभर शब्द टाकून झाल्यावर. तसंही तुमच्या घरात जे घडलं, ते वर्तमानपत्रात सापडणार नाही.

कुणाला दाखवायचं? सध्या कुणालाच नाही. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच मागवायला लागतात, तेव्हा यंदाचा अंक डोक्यातून काढून टाका. सासूबाईंना मात्र सांगून टाका की रात्री मोबाईलवर काय चालतं ते. जमल्यास त्यांच्याकडूनच उद्यासाठी एखादा प्रश्न मागा. जुन्या घराबद्दल काय विचारावं, हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळेल.

राहता राहिल्या मावशी. ‘विचारायचं’ म्हणून ठेवलेल्या जागा महिनाभर साठवू नका. रविवार तुमचा सुट्टीचा, त्या दिवशी त्यांच्याकडे जा. जाताना वीस प्रश्नांची यादी नेऊ नका, त्या दमतील आणि तुम्हीही घाईत ऐकाल. दोनच प्रश्न न्या. त्यांना चालणार असेल तर मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि पहिला प्रश्न पुराचा विचारू नका. पुराचं त्यांनी आजवर इतक्यांना इतक्यांदा सांगितलं असेल की ते आता ठरलेल्या वाक्यांतच येईल. त्याऐवजी पाणी ओसरल्यावर वाड्यातला चिखल कुणी काढला, किती दिवस, आणि त्या दिवसांत स्वयंपाक कुठे होत होता, ते विचारा.